उत्तर इंग्लंड व स्कॉटलंड : मोटारप्रवासाचा बेत

प्रवासाचा बेत करणें म्हणजे पाहावयाच्या स्थळांची यादी करणें, असा आपल्यापैकीं पुष्कळांचा समज असतो. नकाशा पसरावयाचा, माहितीचीं पुस्तकें चाळावयाचीं, ज्यांनीं तो मुलूख पाहिला आहे त्यांना विचारावयाचें, आणि जें जें चांगलें म्हणून कानीं येईल तें तें टिपून ठेवावयाचें. यादी पुरी झाली कीं बेत पुरा झाला ! माझें म्हणणें जरा वेगळें आहे. यादी पुरी झाल्यावर खऱ्या बेताला आरंभ होतो, आणि तो आरंभ यादींतील नांवें खोडण्यानें होतो. उत्तर इंग्लंड व स्कॉटलंड या मुलखांतून मोटारीनें पंधरा-सोळा दिवसांचा प्रवास कसा आंखावा, याविषयीं मला आज जें सांगावयाचें आहे, त्याचें सार एवढेंच आहे.

हा विषय आतां श्रीमंतांच्या हौसेपुरता राहिलेला नाहीं. मुलगा मँचेस्टरला नोकरीस आहे, मुलगी एडिंबरोला शिकते आहे, अशीं मराठी घरें आज पुष्कळ आहेत. आईवडील एकदां तिकडे जातात. मुलाला रजा मिळते ती जेमतेम दोन आठवड्यांची. "पुन्हां काय येणें होणार आहे ?" हें वाक्य घरांत एकदां उच्चारलें गेलें कीं यादी वाढूं लागते. मग रोज अडीचशें मैलांची दौड, रोज नवें बिऱ्हाड, रोज सामानाची बांधाबांध. घरीं परतल्यावर फोटो पुष्कळ असतात, पण कोणता डोंगर कोणत्या गांवीं पाहिला हें आठवत नाहीं. एकदांच जावयाचें असेल तर थोडें पाहावें. कारण घाईनें पाहिलेलें पुन्हां पाहण्याची संधि आपणांस मिळणार नसते.

आतां प्रथम अंतराचा विचार करूं. नकाशावर हा मुलूख लहान दिसतो, आणि आहेही लहान. उंचीच्या दृष्टीनें पाहिलें तर ब्रिटनमधील सर्वांत उंच पर्वत बेन नेव्हिस १,३४५ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून तीनशें मीटरांनीं ठेंगणा. इंग्लंडमधील सर्वांत उंच शिखर स्केफेल पाइक तर ९७८ मीटरच आहे. परंतु या आंकड्यांनीं फसूं नये. हे डोंगर बहुधा समुद्राच्या किंवा सरोवराच्या पायापासूनच उभे राहतात, आणि रस्ता त्यांना वळसे घालीत जातो. म्हणून तेथें प्रवास मैलांत मोजूं नये, तासांत मोजावा. मोटरवेवर तासाला साठ मैल सहज होतात. स्काय बेटावर तेवढ्याच वेळांत तीस मैल झाले तरी पुष्कळ झाले. आणि वाटेंत दोन ठिकाणीं उतरलांत, एकदां मेंढ्यांच्या कळपासाठीं थांबलांत, तर वीसच. यावरून मी एक साधा नियम सुचवितों. दिवसाकाठीं प्रत्यक्ष मोटार चालविण्याचे तास चारांपेक्षां अधिक नसावेत, आणि ज्या दिवशीं मुक्काम हलवावयाचा त्या दिवशीं पाहावयाचें स्थळ एकच असावें.

ऋतूचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. आपल्या शाळांची सुट्टी मे महिन्यांत असते, ही येथें सुदैवाची गोष्ट आहे. कारण मे व जूनचा पूर्वार्ध हाच या प्रवासाला उत्तम काळ होय. पश्चिम स्कॉटलंडांत वर्षांतील त्यांतल्या त्यांत कोरडे दिवस याच सुमाराचे. जूनमध्यें इन्व्हर्नेसच्या बाजूस दिवस सुमारें अठरा तासांचा असतो. रात्रीं दहा वाजतांही बाहेर वाचतां येईल इतका उजेड राहतो. याउलट डिसेंबरांत दिवस साडेसहा तासांवर येतो, बर्फामुळें डोंगरांतील कांहीं रस्त्यांची फाटकें बंद करावीं लागतात, आणि पुष्कळ खानावळी व अतिथिगृहें मिटलेलीं असतात. जुलै व ऑगस्ट हे गर्दीचे महिने. शिवाय त्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावर मिज नांवाच्या चिलटांचा फार उपद्रव होतो. वारा पडला आणि आभाळ भरून आलें कीं त्यांचे थवे उठतात, आणि सरोवराकांठीं शांतपणें बसण्याची कल्पना तेथेंच सोडावी लागते. मात्र डोंगरउतारावर हेदरची जांभळी फुलें पाहावयाचीं असतील तर तीं ऑगस्टमध्येंच फुलतात. एक मिळवावयाचें तर दुसरें सोडावें लागतें, हें येथेंही आहेच.

पाऊस मात्र सर्वच महिन्यांत गृहीत धरावा. लेक डिस्ट्रिक्टमधील सीथवेट या वस्तींत वर्षाला सुमारें १४० इंच पाऊस पडतो, आणि इंग्लंडमधील वस्तीच्या गांवांत हें सर्वांत अधिक पावसाचें गांव समजलें जातें. महाबळेश्वर पाहिलेल्यांना या आंकड्याचें भय वाटणार नाहीं. तेथें याहून पुष्कळच अधिक पडतो. फरक आहे तो वांटणींत. आमचा पाऊस चार महिन्यांत येऊन जातो. तिकडचा बाराही महिने थोडाथोडा येत राहतो. सकाळीं धुकें, दहा वाजतां ऊन, दुपारीं सर, आणि सायंकाळीं इंद्रधनुष्य असा एकाच दिवसाचा क्रम असूं शकतो. म्हणून पाऊस आला म्हणून बेत रद्द करूं नये. अर्धा तास खिडकीशीं बसावें.

आतां मार्ग. मी जो सुचवितों तो पंधरा रात्रींचा आहे. मँचेस्टरला उतरावें, आणि पहिल्या दिवशीं मोटार ताब्यांत घेऊंच नये. रात्रभर विमानांत अवघडलेल्या माणसानें परक्या रस्त्यावर चाक हातीं धरणें हें धाडस नव्हे, अविचार आहे. दुसऱ्या दिवशीं सुमारें ऐंशी मैल उत्तरेस जाऊन लेक डिस्ट्रिक्टमध्यें तीन रात्री राहावें. मुक्कामाला केजिक किंवा अँबलसाइड ही गांवें सोयीचीं आहेत.

लेक डिस्ट्रिक्ट म्हणजे सरोवरांचा प्रदेश. १९५१ सालीं तो राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला, आणि २०१७ सालीं युनेस्कोनें त्याला जागतिक वारशांत स्थान दिलें. ग्रास्मिअर येथें वर्ड्‌स्वर्थ कवि १७९९ पासून १८०८ पर्यंत ज्या घरांत राहिला तें डव्ह कॉटेज आजही पाहावयास मिळतें, आणि त्याच गांवच्या चर्चच्या आवारांत त्याची समाधि आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें वर्ड्‌स्वर्थची दुसरीच एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १८४४ सालीं केंडलहून विंडरमिअरपर्यंत आगगाडी आणण्याची योजना निघाली, तेव्हां या कवीनें तिला वर्तमानपत्रांतून कडाडून विरोध केला. गाड्या भरभरून माणसें आलीं म्हणजे ज्या शांततेसाठीं तीं येणार ती शांतताच उरणार नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. विरोध फुकट गेला. १८४७ सालीं गाडी सुरू झाली. गरीब गिरणी-कामगारानें सुट्टींत सरोवर पाहूं नये काय, हा त्या वेळीं विचारला गेलेला प्रश्नही खोटा नव्हता. कवीचें भय आणि कामगाराचा हक्क हीं दोन्ही खरींच होतीं, आणि तो तंटा अद्याप मिटलेला नाहीं. आपण मोटार घेऊन त्या अरुंद रस्त्यांवर जातों तेव्हां आपणही त्या तंट्यांतील एक पक्ष असतों.

तेथील पाण्याचीही एक कथा आहे. थर्लमिअर या सरोवरावर मँचेस्टर शहरानें धरण बांधलें, आणि १८९४ पासून तें पाणी शंभरेक मैलांच्या कालव्यानें, पंपाची मदत न घेतां, केवळ उतारानें शहराला पोंचूं लागलें. पुढें १९३० नंतरच्या दशकांत हॉजवॉटरच्या धरणाखालीं मार्डेल नांवाचें गांव बुडालें. कडक उन्हाळ्यांत पाणी खालीं गेलें म्हणजे त्या गांवच्या दगडी भिंती अजून वर दिसूं लागतात. तानसाचें पाणी पिणाऱ्या मुंबईकराला आणि मुळशीचा सत्याग्रह ऐकून माहीत असलेल्या पुणेकराला या देखाव्याचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. कॅनन रॉन्स्ली यांनीं १८९५ सालीं ऑक्टेव्हिया हिल व रॉबर्ट हंटर यांच्यासह नॅशनल ट्रस्ट स्थापन केला. मुलांच्या गोष्टींमुळें प्रसिद्ध झालेल्या बिॲट्रिक्स पॉटर या लेखिकेनें १९४३ सालीं मृत्यूनंतर आपली चार हजार एकरांहून अधिक जमीन याच संस्थेला दिली. आज तेथील मेंढपाळांचीं शेतें व दगडी कुंपणें आपणांस जशींच्या तशीं दिसतात, त्यांत निसर्गाचा जेवढा भाग आहे तेवढाच अशा माणसांच्या निर्धाराचाही आहे.

या तीन दिवसांपैकीं एक दिवस मोटार उभी करून ठेवावी. केजिकच्या डरवेंटवॉटरवर लहान लाँची चालतात. एका धक्क्यावर उतरून कांठाकांठानें चालत पुढील धक्का गांठतां येतो. ही सूचना मी विशेषतः मोटार चालविणाऱ्याच्या वतीनें करीत आहें. घरांतील इतर मंडळी खिडकींतून सृष्टिशोभा पाहत असतात, आणि चालक बिचारा पुढचें वळण पाहत असतो ! ज्याच्या रजेवर हा सारा प्रवास उभारलेला आहे, त्यालाच सुट्टी मिळत नाहीं. तेव्हां दर तीन दिवसांत एक दिवस बिनमोटारीचा, हें कलम बेतांत आधींच लिहून ठेवावें. हार्डनॉट खिंडीचा रस्ता यादींत असेल तर खोडून टाकावा. तेथें चढ एकास तीन असा उभा आहे, रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा, आणि परक्या मोटारीचा क्लच तेथें शिकण्यांत कांहीं स्वारस्य नाहीं.

पांचव्या दिवशीं कार्लाइलवरून स्कॉटलंडांत शिरावें. सरहद्दीवर कोणी परवाना पाहत नाहीं. एक पाटी तेवढी दिसते. त्या दिवशीं ग्लासगोच्या पलीकडे लॉख लोमंडपर्यंत सुमारें १६० मैल होतात, परंतु त्यांतील बहुतेक भाग मोटरवेचा आहे. स्कॉटलंडांत सरोवराला लॉख म्हणतात, आणि क्षेत्रफळानें लॉख लोमंड हें ग्रेट ब्रिटनमधील सर्वांत मोठें. एक रात्र तेथें राहून सहाव्या दिवशीं ए ८२ या रस्त्यानें रॅनॉखच्या दलदलीच्या पठारावरून ग्लेनकोच्या दरींत उतरावें, आणि फोर्ट विल्यमच्या आसपास दोन रात्री काढाव्या.

ग्लेनकोची दरी पाहतांना बोलणें आपोआप थांबतें. दोहों बाजूंस काळे उभे कडे, मधून पांढऱ्या पाण्याच्या रेघा, आणि खालीं एकटा रस्ता. १६९२ सालच्या १३ फेब्रुवारीच्या पहाटें येथें मॅक्डोनल्ड कुळांतील लोकांची कत्तल झाली. कत्तल करणारे सरकारी सैनिक सुमारें बारा दिवस त्याच लोकांच्या घरीं पाहुणे म्हणून जेवूनखाऊन राहिले होते. मेलेल्यांचा परंपरेनें सांगितला जाणारा आंकडा ३८ आहे. बर्फांत पळून गेलेले आणि थंडीनें मेलेले त्याहून वेगळे. युद्धें याहून मोठीं कितीतरी झालीं, परंतु अन्न खाऊन केलेला घात स्कॉटिश लोक तीनशें वर्षांत विसरले नाहींत, यांत आपणांस नवल वाटण्याचें कारण नाहीं.

आठव्या दिवशीं स्काय बेटाकडे. फोर्ट विल्यमहून पोर्ट्री सुमारें ११० मैल. १९९५ सालीं झालेल्या पुलावरून मोटार थेट बेटावर जाते; २००४ च्या अखेरीस तेथील जकातही बंद झाली. याऐवजीं मॅलेगहून आर्मडेलला जाणारी बोट घ्यावयाची असेल तर मोटारीची जागा आधीं राखून ठेवावी. मॅलेगच्या वाटेवर ग्लेनफिनन लागतें. १९०१ सालीं खुल्या झालेल्या रेल्वेचा एकवीस कमानींचा पूल तेथें आहे, आणि चित्रपटांमुळें त्याला इतकी प्रसिद्धि मिळाली आहे कीं वाफेची गाडी जाण्याच्या वेळीं मोटार उभी करण्यास तसूभरही जागा मिळत नाहीं.

स्कायवर तीन रात्री राहावें. ओल्ड मॅन ऑफ स्टॉर हा सुळका, क्विरॅंगचे कोसळलेले कडे, कुइलिन पर्वताची करवतीसारखी रांग, यांचीं वर्णनें मी करीत बसत नाहीं. पण एका गोष्टीकडे लक्ष वेधतों. स्कायवर, आणि एकंदर हायलंड्समध्यें, मैल मैल गेलें तरी वस्ती दिसत नाहीं. "काय ही निर्जन सृष्टि !" असा उद्गार सहज निघतो. पण ही निर्जनता सर्वस्वीं निसर्गानें दिलेली नाहीं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जमीनदारांनीं मेंढ्यांच्या किफायतशीर कुरणांसाठीं कुळांना दऱ्यादऱ्यांतून हुसकून लावलें. सदरलंडमधील स्ट्रॅथनेव्हरच्या दरींत १८१४ व १८१९ सालीं तर घरांचीं छपरें जाळून माणसें बाहेर काढलीं. कांहीं समुद्रकांठच्या खडकाळ पट्ट्यांत गेलीं, कांहीं जहाजांनीं कॅनडाला. ओढ्याच्या कांठीं गवतांत दगडांचे चौकोन दिसले, तर तीं गोठ्यांचीं अवशेष-चिन्हेंच असतील असें समजूं नये. तीं घरेंही असूं शकतात.

या कथेला एक दुसरी बाजू आहे, आणि ती स्कायचीच आहे. पोर्ट्रीजवळील ब्रेज या वस्तींतील कुळांनीं १८८२ सालीं आपलीं चराऊ रानें परत मागितलीं, आणि पोलिसांशीं झगडा केला. त्यांतून चौकशी-मंडळ नेमलें गेलें. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर. हे पूर्वीं मद्रासचे गव्हर्नर होते आणि १८७२ सालीं कांहीं काळ त्यांनीं हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयचेंही काम पाहिलें होतें. पुढें १८८६ सालीं कायदा होऊन त्या लहान शेतकऱ्यांना आपल्या जमिनीवर कायमचा कबजा मिळाला. स्कायवर आज जीं विखुरलेलीं पांढरीं घरें आणि त्यांच्याभोंवतीं अरुंद शेतांच्या पट्ट्या दिसतात, त्यांच्यामागें ही हकीकत आहे. ती ठाऊक असली म्हणजे देखावा कमी सुंदर होत नाहीं. तो मुका राहत नाहीं, इतकेंच.

अकराव्या दिवशीं लॉख नेसच्या बाजूनें इन्व्हर्नेसला यावें. या एकट्या सरोवरांत इंग्लंड व वेल्स मिळून असलेल्या सर्व सरोवरांपेक्षां अधिक पाणी आहे, आणि तें त्याच्या खोलीमुळें. शेजारून टॉमस टेलफर्डनें बांधलेला व १८२२ सालीं खुला झालेला कॅलिडोनियन कालवा जातो. इन्व्हर्नेसजवळ कलोडनचें रणक्षेत्र आहे. १७४६ सालच्या १६ एप्रिलला येथें स्टुअर्ट घराण्याची आशा कायमची मावळली. येथूनच 'नॉर्थ कोस्ट ५००' या नांवानें २०१५ पासून प्रसिद्ध केलेला, उत्तर टोकाला वळसा घालणारा ५१६ मैलांचा मार्ग निघतो. मोह फार मोठा आहे. परंतु त्याला स्वतंत्र आठवडा पाहिजे. या पंधरा दिवसांत तो कोंबूं नये. यादींतून खोडावयाचें सर्वांत मोठें नांव हेंच. ज्यांना उत्तर टोकच पाहावयाचें आहे त्यांनीं खुशाल जावें, मात्र मग स्काय व लेक डिस्ट्रिक्ट यांपैकीं एकाला निरोप द्यावा.

बाराव्या दिवशीं ए ९ या रस्त्यानें केअर्नगॉर्म पर्वतांच्या कडेनें दीडशें मैलांवर एडिंबरो. हा रस्ता कोठें दुपदरी वाहतुकीचा तर कोठें साधा, असा आलटून पालटून आहे. ओलांडण्याची घाई करणाऱ्यांनीं याच रस्त्यावर अपघात केले आहेत, म्हणून सरासरी वेग मोजणारे कॅमेरे तेथें बसविलेले आहेत. एडिंबरोच्या दोन दिवसांत मोटारीला हातही लावूं नये. तें शहर पायीं पाहण्याचें आहे.

परततांना पूर्व किनाऱ्यानें यावें. नॉर्थंबरलंडमध्यें होली आयलंड हें बेट आहे. तेथें जाणारा रस्ता दिवसांतून दोनदां समुद्राखालीं जातो. सुरक्षित वेळांचें कोष्टक प्रसिद्ध होतें व रस्त्याच्या तोंडाशीं लावलेलेंही असतें. तरीदेखील दरवर्षीं कोणी ना कोणी भरतींत मोटार अडकवून घेतोच. कोष्टक पाहून दिवस ठरवावा, दिवस ठरवून कोष्टक पाहूं नये. तेथून शेवटच्या दिवशीं हेड्रियनची भिंत पाहून मँचेस्टर गांठतां येतें. इ. स. १२२ मध्यें रोमन बादशहाच्या आज्ञेनें ही ७३ मैलांची भिंत बांधावयास घेतली. तिच्याजवळील व्हिंडोलांडा येथें मातींत टिकून राहिलेलीं लांकडी पत्रें सांपडलीं आहेत. एकांत सैनिकाला घरून मोजे व आंतले कपडे पाठविल्याचा उल्लेख आहे. सामान बांधतांना लोंकरीचे मोजे न विसरण्याचा याहून जुना सल्ला मला ठाऊक नाहीं ! या भिंतीच्या एका खळग्यांत उभा असलेला सिकॅमोरचा प्रसिद्ध वृक्ष सप्टेंबर २०२३ मध्यें रात्रीं कोणीतरी केवळ द्वाडपणानें तोडला. लोकांना जें दुःख झालें तें घरचें माणूस गेल्यासारखें होतें. पुढील वर्षीं त्या बुंध्याला नवे कोंब फुटले.

एकंदर हा प्रवास हजार-बाराशें मैलांचा होतो. आतां चालविण्याच्या चार गोष्टी. आपल्याप्रमाणें तिकडेही डावीकडूनच जावयाचें असतें, ही मोठी सोय आहे, आणि मोठा धोकाही. कारण सारें ओळखीचें वाटून माणूस गाफील होतो. पाहुण्याला आपल्या भारतीय परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत लहान मोटार चालवितां येते. कंपन्या मात्र चालकाचें वय, परवान्याचीं वर्षें, व कधीं आंतरराष्ट्रीय परवाना यांविषयीं आपापले नियम लावतात; ते आधीं वाचावे, विम्याचें कलम तर दोनदां वाचावें. आपोआप गिअर बदलणारी मोटार पाहिजे असल्यास तशी स्पष्ट मागावी. मोटार लहान घ्यावी. गोल चौकांत, ज्याला तेथें राउंडअबाउट म्हणतात, उजवीकडून येणाऱ्याला आधीं जाऊं द्यावयाचें असतें. येथें नाक खुपसण्याची आपली संवय पहिल्या दिवसापासून सोडावी. हॉर्न जवळजवळ नाहींच असें समजावें. मद्याची मर्यादा स्कॉटलंडांत इंग्लंडपेक्षां कडक आहे. चालकानें दोन्हीकडे तें वर्ज्य मानणेंच बरें.

हायलंड्समधील पुष्कळ रस्ते एकपदरी आहेत. ठराविक अंतरावर रस्ता जरा रुंद केलेला असतो. त्याला पासिंग प्लेस म्हणतात. ती जागा आपल्या डावीकडे असेल तर तींत शिरावें, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्या बाजूसच थांबावें. चढ चढून येणाऱ्याला शक्य तेथें वाट द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, मागून कोणी येत असेल तर बाजूस होऊन त्याला पुढें जाऊं द्यावें. आपण सुट्टीवर असतों. तो डॉक्टर असेल, शाळेची बस असेल, दुधाची गाडी असेल. फोटो काढण्यासाठीं त्या जागेंत मोटार उभी करणें हा तेथें मोठा असभ्यपणा समजतात, आणि तो समज अगदीं रास्त आहे. सायंकाळीं हरणें एकाएकीं रस्त्यावर येतात, म्हणून उजेड असतांच मुक्काम गांठावा. दऱ्यांतून मोबाइलचा पत्ता नसतो. यास्तव ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशा जवळ ठेवावा.

मुक्कामांची व्यवस्था निघण्यापूर्वीं कांहीं महिने करावी, त्यांतही स्कायची सर्वांआधीं. बेट लहान, पाहुणे फार. शाकाहारी मंडळींनीं स्वयंपाकघर असलेलें बिऱ्हाड पाहावें. गांवांतील खानावळींचीं चूल बहुधा आठ-साडेआठलाच विझते, आणि मग उजेड दहापर्यंत असला तरी पोटाला त्याचा उपयोग नसतो. तांदूळ, डाळ, तिखट-मीठ यांचा साठा मँचेस्टर किंवा ग्लासगोलाच करून घ्यावा. म्हाताऱ्या माणसांसाठीं वरच्या मजल्यावरची खोली नको, असें आधींच कळवावें. जुन्या घरांतील जिने फार अरुंद असतात.

शेवटीं पुन्हां यादीकडे वळूं. वर्ड्‌स्वर्थचा प्रश्न आज अधिकच तीव्र झाला आहे. ज्या वाड्यावस्त्यांना दवाखाना तीस मैलांवर आहे, त्यांच्या एकुलत्या एक रस्त्यावर उन्हाळ्यांत हजारों पाहुणे येतात. त्यांच्यावर त्या लोकांची उपजीविका चालते, आणि त्यांच्यामुळेंच त्यांचा जीवही मेटाकुटीस येतो. याला आपण एकटे काय करणार, असें म्हणण्याचें कारण नाहीं. जो प्रवासी दहा गांवांतून धांवत जातो तो दहा ठिकाणीं केवळ गर्दी वाढवितो. जो तीन गांवीं राहतो तो तेथील दुकानांतून पाव घेतो, वाट विचारतो, नांव सांगतो, आणि दुसऱ्या दिवशीं ओळखला जातो. यादींतील नांव खोडतांना आपलें नुकसान झालें असें वाटतें खरें. पण त्या खोडलेल्या नांवाच्या जागीं जो एक रिकामा दिवस मिळतो, त्या दिवशीं आई, वडील आणि मुलगा यांना दुसरें कांहीं करावयाचें नसतें. सरोवर समोर असतें, पाऊस नुकताच थांबलेला असतो, आणि बोलावयास वेळ असतो. इतक्या दूर जाण्याचें खरें प्रयोजन पुष्कळ घरांत तेंच असतें. बेत करतांना तेवढें मात्र खोडूं नये.